टॅपेट कव्हरपासून सुरुवात: जुन्या गाडीच्या इंजिनाचे भाग नव्याने रंगवताना

जुन्या गाडीच्या इंजिनावरचा रंग वरून झिजून गेला, असं फार कमी वेळा होतं. तो खालून सुटतो. रंग आणि धातू यांच्यामध्ये कुठेतरी तेलाचा अंश राहून गेलेला असतो. इंजिन तापलं की तो पातळ होतो, पसरतो आणि रंगाची पकड सोडवत जातो. माझं पहिलं टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, असंच वाया गेलं. आठवडाभर खपून रंगवलेलं, येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलेलं. तीन आठवड्यांनी तेल भरायच्या तोंडाशी नखाएवढा फुगा आला. बोट लावताच पोपडा हातात. खालचा पत्रा कोरडा दिसत होता, पण पांढरं फडकं घासलं तर त्यावर पिवळी रेघ उठली. तेल भरायची नळी पत्र्याला दुमडून बसवलेली असते. त्या घडीत वर्षानुवर्षांचं तेल मुरलं होतं आणि मी धुतलं होतं ते फक्त दिसणारं.

म्हणून या लेखात रंग मारण्यापेक्षा धुण्याबद्दल जास्त लिहिलं आहे. नमुन्यासाठी पत्र्याचं टॅपेट कव्हर घेतो. ते सहज निघतं, बॉनेट उघडल्यावर सगळ्यात आधी तेच दिसतं आणि इंजिन रंगवताना येणाऱ्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या एका भागात असतात. ते नीट जमलं की बाकीच्या भागांत काय वेगळं करायचं तेवढंच सांगायचं उरतं.

पान्हा हातात घेण्याआधी

आधी फोटो काढा. लांबून दोन, जवळून वीस. कुठल्या बोल्टखाली कुठला वॉशर, केबलची क्लिप कुठे, स्टिकर कुठल्या कडेपासून किती अंतरावर, हे सगळं. स्टिकरची मापं पट्टी शेजारी ठेवून घ्या. नवा स्टिकर मिळतो, पण त्याची जागा नंतर आठवत नाही.

मग मूळ रंग शोधायचा. जुन्या कंपन्यांमध्ये इंजिनाचा रंग ही ओळख असायची. शेव्हरोलेच्या १९५५ च्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ बरोबर आलेला नारिंगी, फोर्डने १९६६ पासून जवळपास सगळ्या इंजिनांना दिलेला निळा, हे रंग जाणकार लांबून ओळखतात. फेरारीच्या टेस्टा रोसा या नावाचा अर्थच 'लाल डोकं', आणि ते नाव इंजिनाच्या लाल रंगवलेल्या कव्हरांवरून पडलं. पण पुस्तकातल्या किंवा पडद्यावरच्या छटेवर विसंबू नका. जिथे ऊन, पेट्रोल आणि उष्णता पोचलेली नाही अशी जागा बघा: ब्रॅकेटच्या मागे, पट्टीच्या क्लिपखाली, धातूच्या बिल्ल्यामागे. तिथला मळ साबणाने पुसून रबिंग कंपाउंड हलकं फिरवा, वरचा पिवळेपणा निघून जातो. मग दिवसाच्या उजेडात, सावलीत उभं राहून नमुना जुळवा. ट्यूबलाइटखाली जुळवलेला हिरवा बाहेर आल्यावर दगा देतो.

अनेक कारखान्यांत इंजिन जोडून झाल्यावर अख्खं एकदम रंगवायचे. त्यामुळे बोल्टची डोकी, पॅकिंगची (दोन भागांमधून तेल गळू न देणाऱ्या थराची) बाहेर डोकावणारी कड, हे सगळं त्याच रंगाचं असायचं आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या बिडाच्या भागाच्या) कडेवर फवाऱ्याचे शिंतोडेही असायचे. प्रत्येक बोल्ट वेगळा चकचकीत ठेवून केलेलं काम देखणं दिसतं, पण ते कारखान्याचं नसतं. तुम्हाला कुठलं हवं ते आत्ताच ठरवा, कारण त्यावर जोडणीचा क्रम बदलतो.

ब्लॉकवरच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावरच्या, इंजिन नंबराच्या जागेला पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर लावायचा नाही. तो सपाट भाग हाताने, रसायनाने साफ करायचा. नंबर पुसट झाला तर गाडीची ओळखच संशयात येते.

आणखी एक सावधगिरी. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. त्यामुळे कोरडं घासून धूळ उडवायची नाही. पाणी शिंपडून ओलं घासा, बारीक कण अडवणारा मास्क घाला, खाली प्लास्टिक पसरा आणि निघालेला कचरा त्यातच गुंडाळून बांधा.

धुणं

पहिल्या फेरीत जाड मळ काढायचा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काळा थर खरवडा, मग रॉकेल किंवा पाण्याने धुता येणारा डिग्रीझर लावून ताठ ब्रशने घासा. पेट्रोल वापरू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत जाते आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ठिणगीने पेटू शकते. कॉस्टिक सोड्याचं पाणी बिडावर आणि लोखंडी पत्र्यावर चालतं, पण ॲल्युमिनियमला ते अक्षरशः खातं आणि खाताना हायड्रोजन सोडतं. भाग कशाचा आहे याची शंका असेल तर चुंबक लावून बघा.

दुसरी फेरी गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाची. हे क्षुल्लक वाटतं, पण रॉकेल स्वतःही एक तेलकट थर मागे ठेवतं, तो इथे निघतो. खळखळून धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा.

तिसरी फेरी बहुतेक जण करत नाहीत. मीही पहिल्या वेळी केली नव्हती. घड्या, जोड आणि बिडाची छिद्रं यांत मुरलेलं तेल ब्रशने निघत नाही, त्याला घाम फोडावा लागतो. वर्कशॉपसाठीच ठेवलेल्या जुन्या विजेच्या ओव्हनमध्ये पूर्ण कोरडा भाग ११० ते १२० अंश सेल्सिअसवर अर्धा तास ठेवा. त्या ओव्हनमध्ये पुन्हा कधीही अन्न शिजवायचं नाही, आणि थिनरने ओला असलेला भाग आत ठेवायचा नाही. बाहेर काढल्यावर घडीच्या रेषेवर बारीक चमकदार ठिपके दिसतील. ते तेल. भाग हाताला सोसेल इतका निवला की कोरड्या फडक्याने टिपा, मग ॲसिटोनने पुसा, तो पूर्ण उडून जाऊ द्या आणि पुन्हा तापवा. दुसऱ्या प्रयत्नात मला त्याच कव्हरला हे चार वेळा करावं लागलं. तिसऱ्या वेळीसुद्धा फडक्यावर रेघ होती.

पुसण्याचीही रीत आहे. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात कोरडं. ओल्याने पुसलं की ॲसिटोन उडून जायच्या आत कोरड्याने टिपायचं. एकच फडकं फिरवत राहिलात तर विरघळलेलं तेल नुसतं इकडून तिकडे पसरतं, ॲसिटोन उडतो आणि तेल जागेवर राहतं.

शेवटची परीक्षा पाण्याची. स्वच्छ भागावर पाणी ओता. ते अखंड पातळ थरासारखं पसरून उतरलं तर काम झालं. कुठे थेंब बांधले, पाणी त्या जागेला टाळून गेलं, तर तिथे अजून तेल आहे. ही परीक्षा रंग उतरवून झाल्यावर, प्रायमरच्या आधी पुन्हा घ्यायची.

सिलिकॉनचा वेगळा उल्लेख करायला हवा. डॅशबोर्ड चमकवायचे फवारे, काही वंगणं आणि काही पॉलिश यांत ते असतं. त्याचा अंशही राहिला तर ताज्या रंगात गोल खड्डे पडतात, ज्यांना पेंटर फिश-आय म्हणतात. वरून आणखी रंग मारून ते बुजत नाहीत. रंग चालू असलेल्या खोलीत असा फवारा उघडायचाच नाही.

जुना रंग उतरवताना

रंग उतरवण्याचे तीन मार्ग: रसायन, घासणं आणि ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक कणांचा मारा. टॅपेट कव्हरसाठी माझं मत रसायनाकडे आहे आणि त्याचं कारण कव्हरच्या आत आहे. उलटं करून बघा. आत एक पत्र्याची आडवी पट्टी टाके मारून किंवा रिव्हेट करून बसवलेली दिसेल. उडणारं तेल ब्रीदरच्या नळीत, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीत, जाऊ नये म्हणून ती असते. तिच्यामागे हात जात नाही. काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग केलं की मणी त्या फटीत जाऊन बसतात. हवेने फुंकलं, पाण्याने धुतलं, तरी काही राहतात आणि इंजिन सुरू झाल्यावर गरम तेल त्यांना सावकाश सोडवून खाली नेतं. तिथून ते बेअरिंगपर्यंत पोचले तर रंगकामाचा खर्च विसरा, इंजिन उघडायची वेळ येते. ब्लास्टिंग करायचंच असेल तर आतली पट्टी काढता आली पाहिजे, नाहीतर कव्हरची मागची बाजू पूर्ण बंद करून फक्त बाहेरून करायचं.

कोरड्या वाळूने ब्लास्टिंग तर कुठल्याच भागाला नको. वाळूच्या सिलिका धुळीने फुप्फुसांचा कायमचा आजार होतो, आणि पातळ पत्रा तिच्या माऱ्याने वाकतो.

रसायनी रिमूव्हर जाड थरात लावा, वर प्लास्टिकचा कागद झाका म्हणजे तो सुकत नाही. बेंझिल अल्कोहोलवाले रिमूव्हर हळू काम करतात, कधी रात्रभर ठेवावे लागतात, पण जुन्या मिथिलीन क्लोराइडवाल्यांपेक्षा खूपच बरे. त्या जुन्यांच्या वाफेने बंद जागेत काम करणारी माणसं मेलेली आहेत. रंग सुरकुतून उठला की प्लास्टिकच्या पट्टीने काढा, कोपऱ्यांत पितळी तारेचा ब्रश चालवा आणि शेवटी रिमूव्हरच्या डब्यावर सांगितल्याप्रमाणे पाण्याने किंवा थिनरने धुवा. घडीत रिमूव्हर राहिला तर तो नव्या रंगालाही तितक्याच इमानदारीने उठवतो.

गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण चांगलं. गंज लहान जागेत असेल तर ब्रशने लावून, पसरलेला असेल तर भाग बुडवून. खोल खड्ड्यांतला गंज काढायला विजेची पद्धत मला सगळ्यात आवडते: प्लास्टिकच्या टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, एक लिटरला साधारण एक मोठा चमचा, भागाला बॅटरी चार्जरची ऋण तार आणि शेजारी उभ्या केलेल्या साध्या लोखंडी पत्र्याला धन तार. धन बाजूला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून उघड्या जागेत करायचं आणि तारा जोडायच्या-काढायच्या आधी चार्जर बंद करायचा. ॲल्युमिनियमला ही पद्धत नाही. कडक केलेल्या स्प्रिंगा आणि जास्त ताकदीचे बोल्टही या दोन्ही उपायांपासून लांब ठेवा. आम्ल असो वा वीज, हायड्रोजन त्यांच्या पोलादात शिरतो आणि नंतर ताणाखाली ते अचानक तुटू शकतात.

आता कव्हर काचेवर पालथं ठेवा. बोल्टच्या भोकांपाशी कडा खाली दबलेल्या दिसतील. तेल गळतं म्हणून कोणीतरी बोल्ट आवळला, पत्रा वाकला, गळती वाढली, मग आणखी आवळला. लाकडी ठोकळ्यावर ठेवून छोट्या हातोडीने त्या कडा हळूहळू सपाट करा आणि दर काही ठोक्यांनी काचेवर तपासा. हे रंगानंतर करता येत नाही. बाहेरचे पोचे शक्यतो ठोकूनच काढा. लांबी (पुट्टी) भरायची झाली तर कमीत कमी, आणि ती किती उष्णता सोसते ते डब्यावर वाचून. साधी बॉडीची लांबी गरम-गार होऊन कडेने सुटते.

शेवटी अख्खा भाग १८० आणि मग ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. रंगाला पकडायला बारीक ओरखडे लागतात. आरशासारख्या पत्र्यावर रंग धरत नाही.

झाकायचं काय आणि कसं

पॅकिंग बसते त्या कडेवर रंग नको, ब्रीदरच्या नळीत नको, तेल भरायच्या तोंडाच्या आत नको आणि आटे असलेल्या कुठल्याही भोकात नको. कारण दिसण्याचं नाही. पॅकिंगखाली किंवा बोल्टच्या डोक्याखाली जाड रंग राहिला की तो उष्णतेने मऊ होऊन दबतो, बोल्टचा ताण जातो आणि गळती सुरू होते. भोकांत जुने बोल्ट घाला, नळ्यांत रबरी बूच.

कड कापायची एक जुनी युक्ती आहे. मास्किंग टेप पॅकिंगच्या कडेवरून बाहेर लोंबेल अशी चिकटवा, मग हातोडीच्या गोल डोक्याने कडेवर हलके ठोके देत जा. धातूची धारच टेप कापते आणि रेषा ब्लेडपेक्षा स्वच्छ येते. ओतीव भागांवर ही युक्ती सुरेख चालते. पत्र्याच्या गोलसर कडेवर नाही, तिथे ब्लेडच लागतं.

यानंतर भागाला उघड्या हाताने शिवायचं नाही. बोटाच्या ठशातलं तेल पुरेसं असतं. हातमोजे घाला आणि प्रायमरच्या आधी ॲसिटोनचं दोन फडक्यांचं पुसणं पुन्हा एकदा.

प्रायमर

लोखंडी पत्र्याला उष्णता सोसणारा इंजिन प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर. उघड्या ॲल्युमिनियमला एच प्रायमर (आम्ल असलेला, धातूला किंचित खाऊन पकड घेणारा), कारण त्याच्यावर हवेत लगेचच ऑक्साइडचा थर बसतो आणि साधा प्रायमर त्यावर धरत नाही. घासून झाल्यावर काही तासांत, त्याच दिवशी, प्रायमर मारलाच पाहिजे. एच प्रायमर आणि इपॉक्सी एकमेकांवर मारायचे नाहीत, उत्पादकाने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर. एचमधलं आम्ल इपॉक्सीच्या घट्ट होण्यात ढवळाढवळ करतं. फॉस्फोरिकने गंज काढला असेल तर ते आम्लही पाण्याने पूर्ण धुवायला हवं, त्याच कारणाने.

शक्यतो प्रायमर आणि रंग एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या. मी हे बऱ्याच उशिरा मानलं. वेगवेगळे घेतल्यावर वरच्या रंगातलं थिनर खालच्या थराला उचलतं, आणि सुरकुत्या पडलेल्या दिसल्यावर चूक कुणाची हे शोधण्यात अर्थ नसतो.

प्रायमर पातळ हवा. दोन हलके हात पुरे. इंजिनावर जाड थर म्हणजे जास्त टिकाऊ थर, हा गैरसमज आहे. जाड थर धातूच्या फुगण्या-आकसण्याशी जुळवून घेत नाही आणि तडकतो.

रंग

इंजिन इनॅमल म्हणून जो मिळतो तो साधारण २६० अंशांपर्यंत अधूनमधून सोसेल असा असतो. टॅपेट कव्हर, ब्लॉक, सम्प (इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं), टायमिंग कव्हर यांना तो भरपूर आहे. इंजिनातलं पाणी ८० ते ९५ अंशांच्या आसपास असतं, तेल त्याहून थोडं जास्त. एक्झॉस्टचा विषय वेगळा, पुढे येईलच.

डब्यातल्या एका घटकाच्या इनॅमलवर ब्रेक ऑइल सांडलं तर तो मऊ पडतो, पेट्रोलचा थेंब राहिला तर डाग पडतो. हार्डनर मिसळायचे दोन घटकांचे रंग हे सोसतात. पण त्यातल्या आयसोसायनेटची वाफ दम्यासारखा त्रास कायमचा मागे लावू शकते आणि एकदा तो लागला की पुढे अगदी थोड्या वाफेनेही उठतो. त्यासाठी बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क आणि योग्य बूथ हवा. घरी काम करणाऱ्याने हे काम ज्याच्याकडे ती सोय आहे त्याच्याकडे द्यावं. मी तेच करतो.

फवाऱ्याचा डबा वापरत असाल तर तो १० मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. कोमट म्हणजे हाताला सुखाचं वाटेल इतकंच, डबा चुलीवर किंवा हीटरजवळ कधीच नाही. आतली गोळी वाजायला लागल्यावर पूर्ण दोन मिनिटं हलवा. हवा कोरडी, तापमान २० ते ३० अंश. दमट दिवशी थांबा. पावसाळी हवेत मारलेल्या चमकदार रंगावर पांढुरकी झाक येते.

कव्हर तारेच्या आकड्याला टांगा म्हणजे सगळीकडे हात जातो. आधी कोपरे, कडा आणि बोल्टच्या खोबणी, मग सपाट भाग. अंतर २० ते २५ सेंटिमीटर. फवारा भागाच्या बाहेर सुरू करायचा आणि बाहेरच सोडायचा. पहिला हात धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहिला तरी चालेल. १० मिनिटांनी दुसरा, थोडा भरलेला. आणखी १० मिनिटांनी तिसरा, ओला दिसेल इतका. डोळे प्रकाशाच्या प्रतिबिंबावर ठेवा: रंगाचा पृष्ठभाग काचेसारखा झाला त्या क्षणी हात पुढे न्यायचा. अजून एकदा फिरवू असं वाटतं, तिथेच ओघळ येतो. ओघळ आलाच तर बोट लावू नका. वाळू द्या, ४०० नंबरच्या ओल्या पेपरने उतरवा आणि पुन्हा हात मारा.

पण कधी मारायचा, हे डब्यावर वाचा. बऱ्याच इनॅमलना 'एका तासाच्या आत, नाहीतर काही दिवसांनी' अशी अट असते आणि ती गंमत म्हणून लिहिलेली नसते. मधल्या काळात वरची साय अर्धवट पकडलेली असते. नवा हात तिला भिजवतो आणि सगळा रंग सुरकुततो.

रंग हाताला चिकटत नाही पण अजून कडक झालेला नाही, अशा वेळी टेप काढायची, मागे वळवून तिरकी ओढत. कडक झाल्यावर काढली तर कडेचा रंग तिच्याबरोबर निघतो.

दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये सुमारे ९० अंशांवर तासभर भाजा, डब्यावर वेगळं सांगितलं नसेल तर. त्याने रंग पेट्रोल आणि तेलाला पुष्कळच जास्त तोंड देतो. ओव्हन नसेल तर इंजिनाची उष्णताच हे काम करेल, फक्त तोवर त्यावर काही सांडू देऊ नका.

बाकीच्या भागांचं

ब्लॉक गाडीतच असेल तर तो उत्तम रंगेल अशी आशा सोडा. चांगला दिसेल, बस. बीड सच्छिद्र असतं आणि अख्खा ब्लॉक भाजता येत नाही. हीट गनने थोडा थोडा भाग तापवून तेल बाहेर काढावं लागतं, आणि तेही जवळपास पेट्रोलची पाइप किंवा कार्ब्युरेटर भरलेला नाही याची खात्री करून. फवाऱ्यापेक्षा ब्रश इथे बरा पडतो. ओतीव खडबडीत पृष्ठभागावर इनॅमलच्या ब्रशच्या रेषा आपोआप बसून जातात आणि रेडिएटर, वायरिंग, रबरी नळ्या झाकत बसावं लागत नाही. जिथे अर्थिंगची पट्टी बसते आणि स्टार्टर बसतो त्या जागा उघड्या धातूच्या ठेवा. रंगानंतर गाडी सुरू होत नाही अशी तक्रार आली की मी आधी तिथेच बघतो.

सम्पला आतून रंग नाही. कुठल्याही कारणाने तो सुटला तर पोपडे तेलाच्या जाळीवर जाऊन बसतात.

ॲल्युमिनियमच्या भागांवर लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण धातूत रुततात आणि पुढे गंजाचे ठिपके दिसतात. पितळी किंवा नायलॉनचा वापरा. मुळात ॲल्युमिनियमचा भाग रंगवलेला होता का, हेही बघा. पुष्कळ वेळा तो तसाच उघडा असायचा आणि मधल्या कुठल्या मालकाने चंदेरी रंग फासलेला असतो. काही जुन्या इंजिनांची केसिंग मॅग्नेशियमची असतात. ॲल्युमिनियमपेक्षा उचलायला चटकन हलकी वाटली तर ग्राइंडर लावू नका, त्याचा चुरा पेटतो आणि पाण्याने विझत नाही.

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कित्येकदा ५०० अंशांच्या वर जातं. त्याला ६५० अंशांचा सिलिकॉनचा रंग लागतो, शक्यतो प्रायमरशिवाय, स्वच्छ खडबडीत बिडावर, अगदी पातळ. तो नुसता वाळून तयार होत नाही, टप्प्याटप्प्याने भाजावा लागतो: साधारण १२० अंशांवर अर्धा तास, मग निववायचं, २०० वर अर्धा तास, पुन्हा निववायचं, शेवटी ३१५ वर अर्धा तास. तेवढा ओव्हन नसेल तर इंजिन थोडा वेळ चालवून बंद करायचं, निववायचं, असं वेळ वाढवत नेतात. आणि इतकं करूनही काही वर्षांनी तो पांढुरका पडतो. नेहमी चालणाऱ्या गाडीसाठी मी सिरॅमिक कोटिंगच सुचवेन.

रेडिएटरला पातळ काळा रंग, एकच हात. जाड थर उष्णतेला अडवतो.

सुरकुत्यांचा काळा रंग, म्हणजे रिंकल फिनिश, एअर क्लीनरवर आणि काही टॅपेट कव्हरांवर असतो. त्याचं तंत्र बाकी सगळ्याच्या उलट आहे: इथे थर जाडच हवा. वरची साय आधी सुकते, खालचा ओला रंग तिला ओढतो आणि सुरकुत्या पडतात. एक हात आडवा, पाच मिनिटांनी एक उभा, पुन्हा पाच मिनिटांनी तिरका, आणि भाग आडवाच ठेवायचा, टांगायचा नाही. मग हीट गनची हलकी ऊब द्या. सुरकुत्या एका कोपऱ्यातून उठून पसरत जाताना दिसतात, आणि ते बघत बसण्यात माझी अर्धी दुपार गेलेली आहे. थर कमी-जास्त झाला तर एका बाजूला बारीक आणि दुसऱ्या बाजूला जाड सुरकुत्या येतात, म्हणून आधी जुन्या डब्याच्या झाकणावर हात बसवून घ्या.

पंखा, पुली, ब्रॅकेट यांना पावडर कोटिंग द्यावं का, असं विचारतात. ब्रॅकेटला जरूर. ते १८० ते २०० अंशांवर भाजलं जातं, त्यामुळे आत सील, रबर किंवा डाख असलेला भाग द्यायचा नाही. थर रंगापेक्षा बराच जाड असतो, आटे आणि बेअरिंगच्या जागा बुजतात, त्या आधी झाकून घ्या. सच्छिद्र ओतीव भागातून भाजताना वायू निघून फोड येतात. आणि जुन्या इंजिनावर त्याची प्लास्टिकसारखी जाडी डोळ्याला खटकते. पंखा मात्र रंगवण्याआधी पात्यांच्या मुळाशी तडा आहे का ते बघा. तडा असेल तर तो रंगवायचा नाही, टाकायचा.

परत बसवताना

रंगवलेलं कव्हर किमान आठवडाभर तसंच राहू द्या. बसवताना नवं पॅकिंग, बोल्टखाली मूळचे रुंद वॉशर, आणि पान्ह्याच्या टोकावर कागदाची टेप गुंडाळून, म्हणजे पान्हा घसरला तरी रंगाला चरा पडत नाही. बोल्ट आलटून पालटून, हलक्या हाताने. बुचाचं पॅकिंग किंचित दबलं की थांबा. मघाशी सपाट केलेल्या कडा पुन्हा वाकवायला पाव फेरा पुरतो.

पहिल्यांदा इंजिन सुरू केल्यावर रंगाचा वास येईल, मॅनिफोल्डवरून थोडा धूरही. खिडक्या उघड्या ठेवा, आग विझवायचा सिलिंडर हाताशी ठेवा. गाडी पूर्ण तापून पूर्ण निवली की बोल्ट पुन्हा एकदा तपासा. मग दुसऱ्या दिवशी पांढरं फडकं घ्या आणि तेल भरायच्या तोंडाभोवतीच्या त्या घडीवरून एकदा फिरवा.